शंका-समाधान : हॉलंडच्या किनाऱ्यावरील बिडाचा दीपस्तंभ

प्रश्न : मुलाकडे नेदरलँड्सला गेलो असता उत्तर हॉलंड प्रांताच्या टोकाच्या डेन हेल्डर या गावी जाण्याचा योग आला. तेथे ‘लांगे याप’ नावाचा गर्द लाल रंगाचा अतिशय उंच दीपस्तंभ दुरून पाहिला. तो संपूर्ण लोखंडाचा आहे असे समजले. आपल्याकडचे कोकणातील आणि मुंबईचे जुने दीपस्तंभ बहुधा दगडी आहेत. मग खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर लोखंडाचा मनोरा उभारण्याची बुद्धी डच लोकांना का झाली असावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण पाहिलेला दीपस्तंभ डेन हेल्डरला लागून असलेल्या हाउसदाउनन या खेड्याजवळ, वाळूच्या टेकाडांमध्ये उभा आहे. सरकारी दप्तरी त्याचे नाव ‘कायकदाउन’ असे आहे आणि ‘लांगे याप’ म्हणजे ‘उंच याप’ हे लोकांनी ठेवलेले नाव आहे. हा मनोरा १८७७-७८ मध्ये बांधला गेला. त्याची उंची ६३ मीटरांहून थोडी अधिक आहे, त्याला सोळा बाजू आहेत आणि खालून वर तो हळूहळू निमुळता होत जातो. नुसत्या लोखंडी सांगाड्याचे मनोरे बाजूला ठेवले, तर बिडाच्या जगातील सर्वांत उंच दीपस्तंभांत त्याची गणना होते.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. आपण ‘लोखंड’ म्हणतो, पण हा मनोरा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. घडीव लोखंड, पोलाद आणि बीड हे तीन वेगळे पदार्थ आहेत आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या फरकातच आहे. बिडात कार्बनचे प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असते. त्यामुळे ते तुलनेने कमी तापमानाला वितळते, साच्यात पाण्यासारखे वाहते आणि हवा तो आकार घेते. दाबाला ते फार चांगले टिकते. मात्र ताण आला किंवा ठोका बसला, तर पोलादासारखे न वाकता एकदम तडकते. बिडाची कढई हातातून फरशीवर निसटल्याचा अनुभव ज्यांच्या घरी आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आता मूळ प्रश्न. मुंबईत कुलाब्याच्या टोकापुढे प्रोंग्जचा दीपस्तंभ १८७५ साली प्रकाशित झाला, म्हणजे तो लांगे यापचा जवळजवळ समवयस्क आहे, आणि तो दगडी आहे. आपल्याकडे काळा दगड हाताशी होता आणि पायाला खडक होता. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी नाहीत. त्या देशात बांधकामाचा दगड जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे तिथली शतकानुशतकांची बांधकामे विटांची आहेत. किनाऱ्याची जमीन वाळूची आणि तिच्याखालची भुसभुशीत गाळाची. साठ मीटर उंचीचा विटांचा मनोरा बांधायचा, तर त्याच्या भिंती तळाशी फार जाड ठेवाव्या लागतात आणि त्याचे वजन हजारो टनांत जाते. लांगे याप पाचशेहून अधिक बिडाच्या भागांचा जोडून केलेला आहे आणि त्या सर्वांचे मिळून वजन सुमारे ५०० टन भरते. एवढ्या उंचीच्या इमारतीसाठी हे वजन फारच थोडे आहे आणि मऊ जमिनीवर हा लाभ लहान नव्हे.

दुसरे कारण वेळेचे आणि पैशाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डच सरकारला थोड्या वर्षांत बरेच नवे दिवे हवे होते. त्या काळी ही जबाबदारी सागरी वाटाड्यांच्या सरकारी खात्याकडे होती आणि खात्याचा वास्तुविशारद क्विरिनस हार्डर (१८०१-१८८०) याने बिडाचे मनोरे ही जणू सरकारी पद्धतच करून टाकली. त्याचा ब्रेस्केन्सजवळच्या न्यूवे स्लाउस येथील अष्टकोनी, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा १८६७ चा आहे. नेदरलँड्समध्ये आज उभ्या असलेल्या बिडाच्या दीपस्तंभांत तो सर्वांत जुना मानला जातो. स्खेव्हेनिंगेनचा मनोरा १८७५ चा, आयमाउडनचे दोन १८७८ चे आणि आमेलांड बेटावरचा लालपांढऱ्या पट्ट्यांचा १८८० चा. हार्डर त्याच वर्षी वारला. ज्या वयात माणूस निवृत्तीवेतनाचे हिशेब करतो, त्या वयात, म्हणजे पंचाहत्तरी ओलांडल्यावर, त्याने लांगे यापची आखणी केली, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

ही कल्पना मात्र हार्डरची किंवा डचांची नव्हती. अलेक्झांडर गॉर्डन या ब्रिटिश अभियंत्याने जमैकातील मोरांट पॉइंटसाठी बिडाचा मनोरा इंग्लंडमध्ये ओतून घेतला होता आणि त्याचे सुटे भाग जहाजाने पाठवून १८४१ मध्ये तो तिथे उभा केला होता. बर्म्युडातील गिब्ज हिलचा मनोरा १८४६ मध्ये त्याच रीतीने उभा राहिला. जिथे कुशल गवंडी नाहीत, दगड नाही आणि लवकर काम उरकायचे आहे, अशा ठिकाणांसाठी ही युक्ती निघाली होती. डचांनी ती दूरच्या वसाहतींसाठी राखून न ठेवता आपल्या घरच्या किनाऱ्यावर वापरली.

प्रश्न : इतका मोठा मनोरा त्या काळी ओतला तरी कसा असेल? एवढा मोठा साचा असणे शक्य आहे का? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : मनोरा एकसंध ओतलेला नाही. तो पत्र्यांचा, अधिक नेमके सांगायचे तर जाड बिडाच्या तुकड्यांचा जोडून केलेला आहे. आधी लाकडाचा फर्मा तयार करायचा, तो ओलसर वाळूत दाबून पोकळी घ्यायची, तीत रस ओतायचा आणि निवल्यावर वाळू फोडून तुकडा बाहेर काढायचा, ही ओतकामाची पद्धत आजही आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्रीत चालते, तेव्हा ती आपल्या परिचयाची असेलच. यात सर्वाधिक खर्च फर्म्याचा असतो, कारण तो कुशल सुताराच्या हातचा असतो. एकदा फर्मा झाला की त्यावरून दहा तुकडे काढले काय किंवा पन्नास काढले काय, दर तुकड्यामागचा खर्च उतरतच जातो.

आता मनोऱ्याच्या सोळा बाजूंकडे या दृष्टीने पाहावे. मनोरा निमुळता असल्यामुळे खालच्या थराचा तुकडा वरच्या थरात बसत नाही, म्हणून प्रत्येक थराला वेगळा फर्मा लागणारच. परंतु एका थरात सोळाही बाजू सारख्या असल्या की एकाच फर्म्यावर सोळा तुकडे निघतात. शिवाय तुकडा सपाट ठेवता येतो. गोल मनोऱ्यासाठी प्रत्येक तुकड्याला नेमका बाक द्यावा लागला असता. बाजू सोळा ठेवल्याने दुरून मनोरा गोलच वाटतो आणि वाराही फारसा अडत नाही. त्या सुबक कडांमागे सौंदर्यदृष्टी होतीच, पण कारखान्याचा हिशेबही तितकाच होता असे मला वाटते.

प्रत्येक तुकड्याच्या चारी कडा आतल्या बाजूला काटकोनात वळवलेल्या असतात आणि त्या कडांना भोके ठेवलेली असतात. शेजारच्या तुकड्याची कड तिला टेकवायची, भोकांतून बोल्ट घालून आतून नट आवळायचे आणि सांध्याच्या फटीत लांबी (पुट्टी) किंवा तत्सम पदार्थ भरून पाणी शिरण्याची वाट बंद करायची. बोल्ट आतून असल्यामुळे बाहेरची बाजू सपाट राहते, आणि आत वळलेल्या कडा फासळ्यांचे काम करून भिंतीला ताठपणा देतात. एक थर पुरा झाला की त्यावर उभे राहून पुढचा थर चढवता येतो. तुकडे कारखान्यातच जुळवून, खुणा करून पाठवले, तर प्रत्यक्ष जागेवर फारसे कोरकाम उरत नाही.

जोडलेली वस्तू सोडवताही येते, हा या पद्धतीचा कदाचित न ठरवलेला गुण. आयमाउडनच्या दोन मनोऱ्यांपैकी एकाचा वरचा भाग १९०९ मध्ये उतरवला गेला आणि फ्लीलांड बेटावर नेऊन तिथे दीपस्तंभ म्हणून उभा करण्यात आला. तो आजही तिथेच आहे. विटांच्या मनोऱ्याचे डोके कापून बेटावर नेण्याची कल्पना कोणी केली नसती. रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयाजवळच्या जुन्या गोदीत असाच एक लाल मनोरा उभा आहे, जो पूर्वी हुक व्हान हॉलंड येथे नदीच्या मुखाशी होता.

प्रश्न : डेन हेल्डर हे तसे लहान गाव दिसते. रॉटरडॅम आणि ॲम्स्टरडॅम ही मोठी बंदरे सोडून सर्वांत उंच मनोरा येथेच का? तसेच, वेंगुर्ल्याच्या डच वखारीशी या भागाचा काही संबंध आहे का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : डेन हेल्डर आणि टेसेल बेट यांच्यामध्ये मार्सदीप नावाची सामुद्रधुनी आहे. उत्तर समुद्रातून आतल्या उथळ समुद्रात आणि तिथून ॲम्स्टरडॅमकडे जाणारी जुनी वाट हीच होती. तोंडाशी वाळूचे दांडे आहेत, ते जागा बदलत राहतात आणि भरती-ओहोटीचा ओढ जोरकस आहे. टेसेलच्या पूर्वेकडील आसऱ्यात जहाजे अनुकूल वाऱ्याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे नांगरून पडत. १५९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री आलेल्या वादळात तिथे थांबलेली चाळीस-एक जहाजे बुडाली आणि सुमारे हजार माणसे गेली. त्या नुकसानीची झळ बसलेला रूमर फिशर हा ॲम्स्टरडॅमचा व्यापारी आणि कवी. पुढे लवकरच जन्मलेल्या मुलीचे नाव त्याने मारिया टेसेलस्खाडे असे ठेवले, त्यात टेसेलच्या त्या हानीचीच आठवण आहे. ही मुलगी पुढे स्वतः कवयित्री म्हणून प्रसिद्धीस आली.

वेंगुर्ल्याच्या बाबतीत संबंध आहे, पण तो दीपस्तंभाशी नसून या वाटेशी आहे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची ॲम्स्टरडॅमकडील जहाजे आशियाकडे निघत ती टेसेलच्या याच थांब्यावरून, मार्सदीप ओलांडून. त्या कंपनीने सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार घातली होती आणि तिचे पडके अवशेष आपण पाहिले असतीलच. त्या काळी मात्र लांगे याप नव्हता. वखार उठून गेल्यावर जवळजवळ दोन शतकांनी तो बांधला गेला.

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग अधिक मार्मिक आहे, कारण मनोरा उभा राहिला तेव्हा ॲम्स्टरडॅमची वाट बदलली होती. १८७६ च्या नोव्हेंबरमध्ये ॲम्स्टरडॅमहून थेट उत्तर समुद्रापर्यंतचा नवा कालवा खुला झाला आणि मोठी व्यापारी जहाजे आयमाउडनमार्गे जाऊ लागली. म्हणजे सर्वांत उंच मनोरा उभा राहिला तो व्यापार काढता पाय घेत असताना. तथापि डेन हेल्डर हे डच आरमाराचे मुख्य ठाणे होते आणि आजही आहे. नेपोलियनने १८११ मध्ये येथे येऊन किल्ले बांधण्याचा हुकूम दिला होता. त्यांतील कायकदाउनचा किल्ला दीपस्तंभाच्या शेजारीच आहे. शिवाय आयमाउडनकडे जाणाऱ्या जहाजालाही उत्तरेकडून येताना हा किनारा टाळूनच यावे लागते. मोठ्या दिव्याचे काम एका बंदरापुरते नसते. समुद्रावरील माणसाला आपण नेमके कुठे आहोत हे कळावे, यासाठी तो असतो.

प्रश्न : दीपस्तंभ जितका उंच तितका प्रकाश दूर, एवढेच त्यामागचे गणित आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन वेगळी गणिते आहेत. पहिले पृथ्वीच्या गोलाईचे. लांगे यापचा दिवा समुद्रसपाटीपासून सुमारे ५७ मीटरांवर आहे. त्या उंचीवरून क्षितिज साधारण २९ किलोमीटरांवर असते. पाण्यापासून पाच मीटर उंचीवर डोळा असलेल्या खलाशाचे क्षितिज आणखी साडेआठ किलोमीटरांपर्यंत जाते, तेव्हा त्याला दिवा प्रत्यक्ष दिसू लागतो तो सुमारे ३८ किलोमीटरांवर. दुसरे गणित दिव्याच्या तेजाचे. लांगे यापचा पल्ला ३० सागरी मैल, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर नोंदलेला आहे. या दोन आकड्यांतील तफावत चुकीची नाही. दिवा क्षितिजाखाली असतानाच त्याचे फिरते झोत ढगांवर आणि दमट हवेवर उजळलेले दिसतात आणि खलाशी दिवा दिसण्याच्या आधीच दिशा ओळखतो. झोतांची लयही ठरलेली आहे. याचा दिवा दर वीस सेकंदांत चार वेळा चमकतो, तर टेरस्खेलिंग बेटावरील ब्रांडारिसचा दर पाच सेकंदांनी एकदा.

उंची मनोऱ्यानेच द्यावी असेही नाही. वर उल्लेखिलेला फ्लीलांडचा मनोरा अगदी ठेंगणा आहे, पण तो सुमारे चाळीस मीटर उंच टेकाडावर बसवलेला आहे. डेन हेल्डरला तसे टेकाड नव्हते.

प्रश्न : मी ऐकले की लांगे याप पडण्याच्या बेतात आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे टिकलेल्या मनोऱ्याला एकदम काय झाले? तो दुरुस्त होऊ शकतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : २०२२ मध्ये झालेल्या तपासणीत मनोऱ्याच्या बिडाला गंभीर स्वरूपाच्या भेगा आढळल्या आणि तो कोसळण्याचा धोका लक्षात घेऊन सभोवतालचा परिसर लोकांसाठी बंद करण्यात आला. पुण्याच्या वाचकांना तो दुरूनच का पाहावा लागला, याचे कारणही बहुधा हेच असावे.

‘एकदम’ हा शब्द मात्र फसवा आहे. बीड गंजाला पोलादापेक्षा चांगले तोंड देते. ओतताना त्याच्या पृष्ठभागावर वाळूच्या संपर्काने जी कडक त्वचा तयार होते, ती काही काळ रक्षण करते, आणि वरून रंगाचे थर असतात. सपाट भिंत त्यामुळे दीडशे वर्षेही तग धरू शकते. अशा मनोऱ्यांचे दुखणे असते ते सांध्यांत. दोन कडांमधील लांबी सुकते, चिरते, आणि त्या बारीक फटीत खारे पाणी शिरते. तिथे रंगाचा कुंचला पोहोचत नाही, वारा लागत नाही, आणि गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. दोन जाड कडांमध्ये कोंडलेला हा गंज पाचरीप्रमाणे त्यांना एकमेकांपासून रेटू लागतो, आणि बोल्ट त्यांना सोडत नाहीत. मग ज्या ताणाला बीड दुबळे आहे, तोच ताण कडेच्या कोपऱ्यात साठत जातो. पोलाद असते तर ते थोडे वाकून मोकळे झाले असते, पण बीड तडकते. या क्रियेला वर्षे लागतात आणि बाहेरून लाल रंगाचा नवा हात दिलेला मनोरा धडधाकट दिसत राहतो. ज्या सांध्यांमुळे तो झटपट उभा राहिला, अशा मनोऱ्यांचे मर्मही त्याच सांध्यांत असते.

दुरुस्ती शक्य असते, पण सोपी नसते. बिडाला झाळ देणे कठीण आहे. भरपूर कार्बनमुळे तापवलेली जागा निवताना ठिसूळ होते आणि जुन्या भेगेशेजारी नवी भेग पडते. म्हणून किरकोळ भेगांसाठी उष्णता न देता शिवण घालण्याची पद्धत वापरतात. भेगेच्या आडव्या खाचा पाडून त्यांत धातूच्या पट्ट्या ठोकून बसवायच्या आणि भेगेच्या रेषेत एकमेकांत गुंतणारे स्क्रू भरायचे. तुकडाच निकामी झाला असेल, तर नवा फर्मा करून नवा तुकडा ओतणे हा मार्ग उरतो, आणि तो बसवायचा म्हणजे त्याच्या डोक्यावरचा भार उचलून धरायचा किंवा वरचे थर उतरवायचे. ६३ मीटर उंचीच्या मनोऱ्यात तळाचा तुकडा बदलणे म्हणजे काय, याची कल्पना करता येईल. सर्व सांधे खरोखर स्वच्छ करायचे असतील, तर संपूर्ण मनोरा थराथराने उतरवून, प्रत्येक कड उघडी करून, पुन्हा जोडणे हाच खात्रीचा उपाय, असे माझे मत आहे. बोल्टांनी जोडलेल्या वास्तूसाठी ते कल्पनेपलीकडचे नाही, फक्त ते महाग पडते. त्यात किती जुने तुकडे परत वापरण्याजोगे निघतील हे उतरवल्यावाचून कळत नाही, आणि निम्मे नवे ओतावे लागले तर त्याला १८७८ चा मनोरा म्हणायचे की नाही यावर जतन करणाऱ्यांत वाद होतो. मला त्या वादात फारसे तथ्य दिसत नाही. हे तुकडे बदलता यावेत अशाच बेताने बिडाचे मनोरे बांधले जात.

हार्डरचे काम आतून पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी आमेलांडला जावे. तिथला १८८० चा ५५ मीटरांचा मनोरा लोकांना चढून पाहता येतो आणि वर जाण्यासाठी २३६ पायऱ्या आहेत.